दुसऱ्याच्या नावाचं 'हो'

फोनवर नेरेइदा कोत्तो सहसा नेरेइदा कोत्तो नसायची. लहानपणी आई तिला पोर्तो रिको बेटावरून अमेरिकेत रेडिंगला घेऊन आली आणि दोन हिवाळ्यांत पोरीची इंग्रजी आईच्या पुढे गेली. तेव्हापासून दवाखाना असो, घरमालक असो, लाईटची कंपनी असो, पोरगी घसा खाली ओढून, आवाज जाड करून म्हणायची, "मी मिसेस कोत्तो बोलतेय." पलीकडच्या माणसाला खातेदाराशीच बोलायचं असतं. खातेदार शेजारी बसून हिरवी केळी सोलतेय आणि तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, हे त्याला कोण समजावत बसणार? आमच्या रस्त्यावर याला कुणी खोटं बोलणं म्हणत नाही. याला मदत म्हणतात, आणि ज्याच्या घरात अशी पोर आहे त्याचा हेवा करतात.

आई गेली, पण आवाज मागे राहिला. पन्नाशी जवळ येईपर्यंत नेरेइदा निम्म्या गल्लीतल्या म्हाताऱ्या झाली होती. सकाळी अळंबीच्या कारखान्यात खोकी भरायची, दुपारी घरी येऊन कुणाची तरी विधवा व्हायची. सगळ्यांच्या जन्मतारखा तिला तोंडपाठ. एकदा एकाच दुपारी ती तीन वेगवेगळ्या बायका झाली, आणि चौथा फोन तिच्या स्वतःच्या दातांच्या डॉक्टरचा आला तेव्हा नाव सांगताना अडखळली. हा किस्सा ती हात उडवून सांगायची आणि ऐकणारे पोट धरून हसायचे.

तिच्या घराला भिंत लागून दोन्या मोन्सेचं घर. पूर्ण नाव मोन्सेराते किलेस, पण 'दोन्या' हा मान लावल्याशिवाय तिला हाक मारायची हिंमत आमच्याकडे पाद्रीसुद्धा करत नाही. नेरेइदाच्या आईची ही जुनी मैत्रीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. लसूण वाटायच्या लाकडी खलातला बत्ता घेऊन ती मधल्या भिंतीवर दोनदा ठोकायची. त्याचा अर्थ, ये, फोन आहे. नेरेइदा हात पुसत निघायची.

तर सप्टेंबरात एके दुपारी पिवळं जॅकेट घातलेला एक पोरगा नेरेइदाच्या पायऱ्यांवर उभा राहिला. यादिएल त्याचं नाव. तोंड उघडलं तर आमच्याच बेटावरचा, स्पॅनिश शब्दांची शेपटं गिळून बोलणारा.

"मावशी, पोन्से गावाकडच्या का तुम्ही? बोलण्यावरून वाटतंच."

"पोन्सेची आईकडून," नेरेइदा म्हणाली. "तू काय विकतोयस ते सांग."

"विकत नाही हो, वाचवतोय. लाईट तीच, तारा त्याच, बिलही त्याच पाकिटात येणार. फक्त वीज पुरवणारे आम्ही, आणि दर कमी."

हे त्याचं खरं होतं. आमच्या राज्यात तारा एका कंपनीच्या असतात आणि त्यातून येणारी वीज दुसऱ्या कुणाकडूनही घेता येते. मोकळा बाजार म्हणतात त्याला. बाजार म्हटल्यावर दारोदार फिरणारे आलेच.

"कमी किती दिवस?" नेरेइदाने विचारलं. ती काही भोळी नव्हती.

"तीन महिने पक्का. मग बदलता दर."

"म्हणजे वाढणार."

"बदलता म्हणजे खालीही येतो ना मावशी. आम्ही काय गिऱ्हाईक पळवून लावायला बसलोय?" मग त्याने खिशातून दुकानाची कार्डं काढून पत्त्यांसारखी धरली. "एका घरामागे पंचवीस डॉलरचं कार्ड. तुमचं एक. ओळखीच्या घरी घेऊन चला, त्याचंही तुम्हालाच."

आधी तिने स्वतःचं घर दिलं. मग समोरच्या विल्फ्रेदो न्हाव्याचं. मग ती पोराला घेऊन दोन्या मोन्सेच्या स्वयंपाकघरात गेली. दोन्या मोन्सेने त्याला बसवलं, कॉफी दिली, बिस्किटांचा डबा पुढे केला आणि आईचं माहेर कुठलं तेही काढून घेतलं.

"तुला काय वाटतं, नेरे?" मग तिने विचारलं.

"मी घेतलंय," नेरेइदा म्हणाली. तेही खरंच होतं.

"मग विचारतेस काय मला. कर."

आता खात्री करून घेणारा फोन. कंपनीचाच नियम, गिऱ्हाइकाने स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं आणि ते ध्वनिमुद्रित व्हायचं. यादिएल म्हणाला, "स्पॅनिशवाल्यांची रांग लांब आहे, इंग्रजीत पटकन होईल. प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणायचं. दुसरं काही बोललं तर फोन तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून." दोन्या मोन्सेने रोजच्यासारखा फोन नेरेइदाच्या हातात दिला. नेरेइदाने रोजच्यासारखा घसा खाली ओढला.

तुम्हीच मोन्सेराते किलेस का? हो. खातं तुमच्याच नावावर आहे का? हो. आमचा विक्रेता तुमच्या घरातून बाहेर पडला आहे का? विक्रेता फ्रिजला टेकून तिसरं बिस्किट खात होता आणि अंगठा वर करून दाखवत होता. हो, नेरेइदा म्हणाली. तीन महिन्यांनंतर दर बदलता राहील आणि त्याला वरची मर्यादा नसेल, हे तुम्हाला समजलं का?

इथे ती जरा थांबली. 'वरची मर्यादा नसेल' हे शब्द तिने स्पष्ट ऐकले. पोराने हे सांगितलं नव्हतं. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याने अंगठा हलवला, आणि फोन तुटून सगळं पहिल्यापासून करायचा तिला कंटाळा आला. हो, ती म्हणाली.

"काय म्हणाला?" दोन्या मोन्सेने विचारलं.

"काही नाही. नेहमीचंच."

तिन्ही कार्डं नेरेइदाने देवीच्या तसबिरीमागे खोचून ठेवली आणि नाताळात काढली. त्यांतून डुकराचा एक भला मोठा खांदा आला. तिने तो लसूण-ओव्याच्या वाटणात दोन दिवस मुरवला आणि सकाळपासून भट्टीत ठेवला. वरची कातडी अशी फुटत होती की वास जिन्यावर पोहोचला. दोन्या मोन्से लाल शाल घेऊन आली आणि मटारभाताबरोबर पोटभर जेवली. "अजून वाढ गं, त्या कडेची कातडी दे," म्हणाली. नेरेइदाने वाढली. कार्डांची गोष्ट काही तिच्या तोंडून निघाली नाही. काढायचं कारणही नव्हतं, तेव्हा तरी तिला तसं वाटलं.

जानेवारीत तीन राजांचा सण झाला आणि त्याच आठवड्यात विल्फ्रेदोने दुकानाच्या दारातून तिला हाक मारली. हातात वस्तरा तसाच, खुर्चीतल्या माणसाचा अर्धा गाल फेसात.

"नेरे, तुझ्या त्या पिवळ्या जॅकेटवाल्याने गंडवलं बरं का आपल्याला. दर दुपटीच्या वर गेलाय. मी फोन करून सोडून दिलं. तूही सोड."

"माझं बिल तर फारसं दिसलं नाही वाढलेलं."

"तुझं घर गॅसवर तापतं. तुझ्याकडे वीज जाते कितीशी? दोन दिवे आणि टीव्ही." मग तो खुर्चीकडे वळला. "दोन्या मोन्सेला सांग. तिच्याकडे सगळे हीटर विजेचे आहेत."

नेरेइदाने घरी येऊन स्वतःचं सोडून दिलं. फोन ठेवला आणि ती भिंतीकडे वळली. पलीकडे जायचं, म्हणायचं, दोन्या मोन्से, चूक झाली, बिल द्या, आत्ता रद्द करू. एवढंच तर होतं. पण त्यामागे पुढचा प्रश्न येणार होता, की अगं, तू तर म्हणाली होतीस स्वस्त आहे. मग मर्यादेचं निघणार, मग कार्डांचं, मग नाताळच्या जेवणाचं. रविवारी चर्चनंतर सांगू, असं तिने ठरवलं. रविवारी दोन्या मोन्सेला सर्दी होती, मग पुढच्या रविवारी. मग कारखान्यात जादा पाळ्या लागल्या. आपण जगाच्या कामांत किती अडकलो आहोत हे माणसाला अशाच वेळी कळतं. मधल्या भिंतीवर बत्ता वाजला की ती पाय ओढत जायची, पण म्हातारी कधी औषधाच्या दुकानाचा फोन काढायची, कधी दवाखान्याचा. बिलाचा विषय तिने काढला नाही, आणि नेरेइदाने हायसं वाटून घेतलं. त्या हायसं वाटण्याची तिला पुढे जन्मभर लाज वाटायची होती.

फेब्रुवारी संपत आला होता. नेरेइदा भिंतीला टेकून मोजे चढवत होती आणि तिला पाठीला गार लागलं. तिथे कधी गार लागत नसे. पलीकडे पायथ्याशी हीटर होता, आणि तो तापताना-निवताना त्याचा पत्रा टकटक करायचा. तिने तळहात टेकवला. भिंत बर्फासारखी होती, आणि टकटक किती दिवसांत ऐकली नव्हती ते तिला आठवेना.

ती तशीच एका पायात मोजा घालून पलीकडे धावली. दोन्या मोन्से स्वयंपाकघरात बसली होती. अंगात नवऱ्याचा जुना ओव्हरकोट, डोक्याला लाल शाल. गॅसच्या ओव्हनचं दार उघडं टाकून तिने खुर्ची त्याच्यापुढे ओढली होती.

"हे काय चाललंय?" नेरेइदाने विचारलं.

"शेकतेय. दिसत नाही?"

"हीटर का बंद?"

"अगं, मी म्हातारपणी उधळी झालेय," दोन्या मोन्से म्हणाली. "बिल बघितलंस तर मला शिव्या घालशील. पहिल्यांदा वाटलं, नाताळात दिवे जास्त लावले. मग निजायच्या खोलीतला हीटर बंद केला, तरी तेच. मग बैठकीतला. मग टीव्ही. तरी पुढचं बिल येतंच आहे मोठं. माझंच कुठेतरी काहीतरी चालू राहतंय, आणि मला आठवत नाही. डोकं चाललं बहुतेक."

"मला का नाही ठोकलंत?"

"तुला तरी किती छळायचं. आधीच दमून येतेस."

नेरेइदाला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. म्हातारी थंडीत कुडकुडत होती ते एक, पण आपलं डोकं फिरलं असं समजून ती रात्री स्वतःलाच दोष देत बसली होती, हे नेरेइदाला सोसवेना. तिने म्हातारी बिलं ठेवायची त्या बिस्किटांच्या जुन्या डब्यातून बिलं काढली, फोन लावला, घसा खाली ओढला आणि दोन्या मोन्से होऊन त्याच दुपारी ती कंपनी सोडली. मग खाली वाकून एकेक हीटर चालू केला.

"तुमचं डोकं ठीक आहे," ती म्हणाली. "त्या पोराने आपल्याला फसवलं. दर वाढवला." बाकीचं तिने गाळलं.

"तो? बिस्किटं खाणारा?" दोन्या मोन्सेने कोटाचं वरचं बटण काढलं. "मला वाटलंच. कॉफीत साखर किती घातली त्याने."

गेलेले पैसे मात्र गेलेच होते. म्हातारीने नवऱ्याच्या कबरीवर नवा दगड बसवायला बाजूला टाकलेले पैसे त्यात भरले होते, हे नेरेइदाला दुसऱ्या दिवशी कळलं.

पेन स्ट्रीटवर गरिबांसाठी फुकट वकिलीचं एक कार्यालय आहे. तिथल्या ट्रेक्सलर बाई इथल्याच, आजोबांच्या आजोबांपासूनच्या. लांब हाडांच्या, सावकाश बोलणाऱ्या. नेरेइदा दोन्या मोन्सेला घेऊन गेली. बाईंनी बिलं पाहिली आणि म्हणाल्या, "पहिलं काम तुम्ही केलंच आहे, सोडून दिलंत. आता राज्याच्या वीज आयोगाकडे साधी तक्रार. तीत भागलं नाही तर रीतसर तक्रार, म्हणजे न्यायाधीशांपुढे सुनावणी, फोनवरच होते. फसवणुकीचा दावा कोर्टातही करता येतो, पण तो लांबतो. आधी कंपनी काय म्हणते ते बघू. ती तिचं ध्वनिमुद्रण पाठवील."

कंपनीने ते पाठवलं. ट्रेक्सलर बाईंनी दोघींना बसवून यंत्र चालू केलं. खोलीत नेरेइदाचा खाली ओढलेला आवाज घुमला. हो. हो. हो. दोन्या मोन्सेला शब्द कळत नव्हते, पण तिचा चेहरा फुलला.

"ही आपली नेरे," ती बाईंना कौतुकाने म्हणाली. "बघा, किती झकास बोलते."

ट्रेक्सलर बाईंना तेवढी स्पॅनिश येत होती. त्यांनी यंत्र बंद केलं आणि नेरेइदाकडे पाहिलं. नेरेइदा खाली पायांकडे पाहत होती.

दोन्या मोन्से बाहेर बाकावर बसल्यावर बाई म्हणाल्या, "गंमत बघा. खातेदाराने कबुली दिलीच नाही, आणि विक्रेता घरात उभा होता. त्याने तेव्हा बाहेर असायला हवं होतं. दोन्ही सिद्ध झालं तर हा करार टिकत नाही. पण ते सिद्ध करणारं एकच माणूस आहे."

"मी."

"तुम्ही. शपथेवर. आणि कंपनीचा वकील तुम्हाला सोडणार नाही. दुसऱ्याच्या नावाने का बोललात, काय मिळालं, केव्हा कळलं, सगळं विचारील." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "दुसरा रस्ताही आहे. कंपनी म्हणते, सद्भावनेने अर्धे पैसे परत देतो, सुनावणी नको. कुणाला काही सांगावं लागणार नाही. निर्णय मिसेस किलेस यांचा आहे. त्यांना मी दुभाष्याकडून समजावू, की तुम्ही सांगता?"

"मी सांगते," नेरेइदा म्हणाली. सवयीने म्हणाली.

बाकावर दोन्या मोन्से पर्स मांडीवर घेऊन बसली होती. "काय म्हणाली ती?"

अर्धे मिळतात, घेऊन टाका, कटकट नको. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. म्हातारीने मान डोलावली असती, कारण तिने कधी 'का' म्हणून विचारलंच नव्हतं. नेरेइदाने तोंड उघडलं. मग तिला तो ओव्हरकोट आठवला.

"अर्धे देतो म्हणतात. घेऊ नका," ती म्हणाली. "सुनावणीत सगळे मिळतील. मी साक्ष देईन."

"तू म्हणशील तसं."

सुनावणी जूनमध्ये होती. त्याआधी दोन्या मोन्सेला सगळं आपल्या तोंडून सांगायचं, असं नेरेइदाने रोज ठरवलं. केळ्याचे वडे घेऊन गेली, बसली, पावसापाण्याचं बोलली, परत आली. एकदा तर "दोन्या मोन्से, ते कार्ड..." इथपर्यंत आली होती, पण म्हातारीने "कसलं कार्ड, वाढदिवसाचं?" असं विचारलं आणि ती "हो" म्हणून मोकळी झाली. हो म्हणायची तिची सवय अशी होती.

सुनावणीच्या सकाळी दोन्या मोन्सेच्या टेबलावर फोन ठेवला होता, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा. ट्रेक्सलर बाई समोर बसल्या. फोनच्या आत न्यायाधीश बाई, कंपनीचा वकील, आणि आयोगाने दिलेली एक दुभाषी होती. ती कोलंबियाकडची असावी. तिचा प्रत्येक शब्द शेपटासकट यायचा. दोन्या मोन्सेसाठी इंग्रजीतलं सगळं ती स्पॅनिशमध्ये सांगणार होती.

"साक्षीदाराने नाव सांगावं," न्यायाधीश म्हणाल्या.

"मोन्सेरा..." नेरेइदा म्हणाली आणि थांबली.

"काय म्हणालात?"

"नेरेइदा. नेरेइदा कोत्तो."

ट्रेक्सलर बाईंनी विचारलं ते सोपं गेलं. त्या ध्वनिमुद्रणात माझा आवाज आहे. विक्रेता घरातच होता, फ्रिजला टेकून. मग कंपनीचा वकील आला. आवाज मऊ होता.

"मिस कोत्तो, दुसऱ्यांच्या नावाने तुम्ही नेहमी बोलता?"

"हो."

"म्हणजे मिसेस किलेस यांच्या परवानगीने?"

"त्यांनी फोन हातात दिला. काय विचारतायत ते मी त्यांना सांगितलं नाही. म्हणजे परवानगी कसली त्यांची?"

"तुम्हाला यात काय मिळालं?"

टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या कापडाची एक सुरकुती नेरेइदा बोटाने दाबत होती. "कार्ड. पंचवीस डॉलरचं, दुकानाचं."

फोनमधून ती दुभाषीण स्पॅनिशमध्ये म्हणाली, "मला पंचवीस डॉलरचं कार्ड मिळालं." दुभाष्याने 'मी' म्हणूनच बोलायचं असतं. नेरेइदाने जन्मभर तेच केलं होतं. आता तिचं 'मी' एक परकी बाई दोन्या मोन्सेच्या कानात घालत होती, कोरड्या आवाजात.

"दर वाढल्याचं तुम्हाला केव्हा कळलं?"

"जानेवारीत."

"आणि मिसेस किलेस यांना तुम्ही केव्हा सांगितलंत?"

"फेब्रुवारीच्या शेवटी."

"तोवर स्वतःचं रद्द केलं होतं?"

"हो."

"का थांबलात?"

ट्रेक्सलर बाई काहीतरी हरकत घेणार होत्या. नेरेइदाने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"लाज वाटली," ती म्हणाली. "त्या कार्डांचं मी नाताळात मांस आणलं. त्यांनाही जेवायला बोलावलं होतं. ते सांगावं लागलं असतं. शिवाय मर्यादा नाही, हे मी फोनवर ऐकलं होतं. त्या विचारत होत्या काय म्हणाला, तर मी सांगितलं, काही नाही."

"एवढं विचारलेलं नाही," न्यायाधीश बाई हळू म्हणाल्या. पण दुभाषीण आपलं काम सोडत नव्हती. "मला लाज वाटली," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं, मांसासकट, एकही शब्द न गाळता.

फोन बंद झाला. ट्रेक्सलर बाई कागद गोळा करून निघाल्या, जाताना त्यांनी नेरेइदाच्या खांद्याला हात लावला. दोन्या मोन्से खुर्चीत ताठ बसून होती.

"मी दुसऱ्यांदा मागून घेतलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"कातडी मागितली होती."

"हो, दोन्या मोन्से."

"आणि तू वाढलीस." तिने कापडावरची ती सुरकुती आपल्या हाताने सरळ केली. "जा आता घरी."

इथला उन्हाळा सरेपर्यंत निकाल लागला. करार मुळात झालाच नाही असं ठरलं, आणि जास्तीचा पैसा सगळा परत आला. हे नेरेइदाला विल्फ्रेदोकडून कळलं. कबरीवर दगड बसला तोही तिने चर्चमधून येताना लांबून पाहिला. भिंतीवर बत्ता वाजत नव्हता. इतर घरी जाऊन तिने आपणहून सगळं सांगितलं होतं, आणि पुढे कुणाच्या नावाने बोलणार नाही असंही. गल्लीतली आल्मा नावाची बाई म्हणाली, "मग आता आम्ही काय करायचं?" दुपारी कामावरून येऊन ती नुसती बसायची. कधी नाही तो वेळ मिळाला होता, आणि तो तिला खायला उठायचा.

ऑक्टोबरात पुन्हा पिवळी जॅकेटं रस्त्यावर दिसू लागली. त्याच आठवड्यात एका दुपारी भिंतीवर दोनदा ठोकलं गेलं. नेरेइदाला आधी भास वाटला. मग पुन्हा दोनदा, जोरात.

दोन्या मोन्से टेबलाशी बसली होती. पुढे फोन, हातात बत्ता. जाडी झाली नव्हती, वाळली नव्हती, होती तशीच.

"बस तिथे," ती म्हणाली. "ती उंच वकीलबाई म्हणाली की लाईट कंपनीला सांगून आपलं नाव त्यांच्या यादीतून काढता येतं, म्हणजे ते नाव या दुसऱ्या कंपन्यांना मिळत नाही. ते काढायचंय. बोलणार मी. तू तोंड उघडायचं नाहीस. तो काय म्हणतो ते मला सांगायचं, आणि मी विचारीन तो शब्द द्यायचा."

"स्पॅनिशवाले असतात त्यांच्याकडे..."

"माहितीये. रांग लांब आहे. आणि मला इंग्रजीत बोलायचंय. पाठ केलंय मी."

फोन लागला. आतून एका पोराचा आवाज आला, नाव विचारणारा. नेरेइदाचा घसा आपोआप खाली ओढला गेला, ओठ उघडले. दोन्या मोन्सेने बत्ता उचलून धरला. नेरेइदाने ओठ मिटले.

"यस," दोन्या मोन्से फोनमध्ये ओरडली, पलीकडचा बहिरा असल्यासारखी. "मी. मी मोन्सेराते किलेस."

पलीकडून लांबलचक काहीतरी आलं. म्हातारीने फोनवर हात ठेवला आणि नेरेइदाकडे वळली.

"काय म्हणाला?"

आणि नेरेइदाने सांगितलं. यादीतून नाव काढता येईल हे सांगितलं, त्याला काही दिवस लागतील हे सांगितलं, तोवर कुणी दारात आलं तर काही कबूल करू नका असं तो म्हणाला तेही सांगितलं. हा फोन ध्वनिमुद्रित होतोय हे सांगितलं. त्याने सुरुवातीला नुसतं 'नमस्कार, आपला दिवस चांगला जावो' म्हटलं होतं, तेसुद्धा सांगितलं.